कातळावर राहणाऱ्या पाली, सरडे एकाच कुळातले असतात का? आणि मुळात आले कुठून?

कळव्याचा_भटक्या
नमस्कार मंडळी, बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात आहे, कोणाला नीट माहिती असेल तर जरा सविस्तर सांगा. पावसाळा संपल्यावर माहुलीला गेलो होतो तेव्हा वरच्या कातळातल्या कपारीत एक पाल दिसली, घरातल्या पालीच्या दुप्पट तरी असेल, पाठीवर खरखरीत दाणे आणि काळपट ठिपक्यांचे आडवे पट्टे, टॉर्च मारला तशी आत सरकली. तशीच नंतर पारसिकच्या बाजूला पण एका मोठ्या शिळेखाली दिसली. माझा भाऊ बंगळूरला असतो, त्याने नंदी हिल्सवरून एका सरड्याचा फोटो पाठवला, वरून लालभडक आणि बाजूने काळा, उघड्या खडकावर ऊन खात बसलेला. आणि टीव्हीवर मसाई माराचा कार्यक्रम बघत होतो त्यात सेम टू सेम असाच खडकावर बसलेला सरडा, फक्त डोकं लाल आणि अंग निळं. तर मला विचारायचंय की हे सगळे खडकावर राहणारे एकाच खानदानातले आहेत का? भारत आणि आफ्रिका पूर्वी एकच होते म्हणतात, त्यामुळे नंदी हिल्सवाला आणि माराचा सरडा जवळचे नातेवाईक असतील असं वाटतं. आणि आपल्या माहुलीची पाल या दोघांची कोण लागते?

येऊर_रात्रफेरी
पाल वेगळी आणि सरडा वेगळा, आधी इथूनच सुरुवात करा. पालीला उघडझाप करणाऱ्या पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक आवरण असतं आणि ती जिभेने डोळा चाटून साफ करते, तुम्ही घरी पण बघितलं असेल. सरड्याला पापण्या असतात. सरड्याचे दात जबड्याच्या कडेवरच पक्के चिकटलेले असतात, हे अगामिडी कुळाचं मोठं लक्षण, शॅमेलियनमध्येही तसंच असतं म्हणून ती दोन कुळं एकमेकांच्या जवळची. पाली या गेकोनिडी कुळातल्या, त्यांची फांदी फार आधी वेगळी झाली. त्यामुळे माहुलीवाली त्या दोघांच्या अगदी लांबच्या नात्यात आहे, तिघांत समान काय तर खडक.

वर्णनावरून तुमची पाल हेमिडॅक्टायलस मॅक्युलेटस असणार, म्हणजे सह्याद्रीतली ठिपकेवाली मोठी पाल. लेणी, किल्ले, मोठ्या शिळा, कपारी ही तिची जागा. शेपटीसकट वीतभर सहज भरते. फोटो असेल तर टाका, पायाच्या बोटांचा असेल तर फारच छान.

कळव्याचा_भटक्या
फोटो आहे पण ब्लर, टॉर्चमुळे पांढरा पडलाय. खडक सोडून काहीच समान नाही हे जरा पटत नाही हो, तो नंदी हिल्सवाला आणि माराचा तर इतके सारखे दिसतात, अंग चपटं, पाय पसरून बसायची स्टाइल, ते मान हलवणं पण तसंच, व्हिडिओ पाठवलाय भावाने.

खारघर_सरीसृप
भटक्यादादा, तुमचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण शास्त्रज्ञांना पण याच सारखेपणाने जवळजवळ दोन शतकं चकवलंय. म्हणून जरा लांब लिहितो, वेळ काढून वाचा.

पहिले ते दोन सरडे एकाच अगामिडी कुळातले आहेत हे खरं, पण त्या कुळात सहा उपकुळं आहेत आणि हे दोघं वेगवेगळ्या उपकुळात बसतात. माराचा तो लाल-निळा म्हणजे अगामा म्वान्झी, केनिया, टांझानिया, रवांडाकडचा, तो अगामिनी उपकुळातला. नंदी हिल्सवरचा सॅमोफिलस डॉर्सॅलिस, हा ड्रॅकोनिनी उपकुळातला. आणि ड्रॅकोनिनीत अजून कोण आहे बघा, आपल्या सोसायटीच्या कुंपणावर मान हलवत बसणारा बागेतला सरडा, साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या सड्यावर गळ्याचा निळा पंखा फुलवणारा सरडा, पश्चिम घाटातला उडणारा ड्रॅको. म्हणजे नंदी हिल्सवाल्याचं नातं त्या आफ्रिकेतल्या लाल डोक्यापेक्षा ठाण्यातल्या कुंपणावरच्या सरड्याशी जास्त जवळचं आहे, दिसायला कितीही उलट वाटलं तरी.

आता याच्याहून भारी गोष्ट. तुमच्यापैकी कोणी मसुरी, नैनिताल किंवा हिमाचलला गेला असेल तर रस्त्याकडेच्या दगडी भिंतींवर राखाडी-तपकिरी खरखरीत सरडे बघितले असतील. ते लॉडाकिया ट्युबरक्युलाटा, अफगाणिस्तानपासून हिमालयाच्या कडेकडेने नेपाळपर्यंत. हा पण खडकावरचाच, आणि हा अगामिनी, म्हणजे आफ्रिकेवाल्यांच्या गटातला. म्हणजे एकाच देशात दोन ठिकाणचे खडकसरडे, हिमालयातला आफ्रिकेशी जवळचा आणि दख्खनच्या पठारावरचा आपल्या बागेतल्या सरड्याशी जवळचा. खडकावर राहायची सवय दोन्हीकडे वेगवेगळी आली. सारखं अंग का होतं ते पण सोपं आहे, कपारीत शिरायचं तर चपटं अंग लागतं, तापलेल्या उघड्या दगडावर पकड आणि पळ लागते म्हणून लांब बोटं आणि मजबूत मागचे पाय, आणि उघड्यावर लांबून दुसऱ्या नराला दिसायला विणीच्या हंगामात भडक रंग. अशा गरजा सारख्या असल्या की वेगवेगळी घराणी त्याच आकाराकडे जातात. अमेरिकेच्या वाळवंटातला चकवाला तर तिसऱ्याच कुळातला, इग्वानाच्या बाजूचा, तो पण चपटा आणि तो कपारीत शिरून अंग फुगवतो की बाहेर ओढताच येत नाही.

म्हणून कोण कोणाचं हे ठरवताना राहायची जागा हा सगळ्यात फसवा पुरावा आहे असं माझं ठाम मत आहे. दात, डोळा, बोटं, खवले आणि शेवटी डीएनए, या क्रमाने जायचं.

डोंबिवली_बेसाल्ट
वरची पोस्ट छान आहे, मी भूगोल आणि खडकांच्या बाजूने थोडं जोडतो कारण मूळ प्रश्नात भारत आफ्रिका एकच होते हा मुद्दा आलाय आणि तो बरेच जण असाच वापरतात. एकच होते हे खरं पण कधी ते बघा. भारत आणि मादागास्कर मिळून आफ्रिकेपासून वेगळे व्हायला लागले ते 16 कोटी वर्षांच्या आसपास. मग साधारण 8.8 कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर सुटलं. 6.6 कोटी वर्षांच्या सुमारास आपल्याकडे लाव्हा वाहिला, ज्याचे थर माहुली, मलंगगड, पारसिक, येऊर सगळीकडे दिसतात, दख्खनचा बेसाल्ट. आणि 5 कोटी वर्षांच्या आसपास भारत आशियाला धडकला. आता आफ्रिकेतलं अगामा या जीनसचं (म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटाचं) फांद्याफांद्यांत पसरणं हे मायोसीन काळापासूनचं, म्हणजे गेल्या अडीच कोटी वर्षांतलं. तेव्हा भारत कधीच आशियाला चिकटून बसला होता. त्यामुळे एकत्र खंडावरून दोघं वेगळे झाले ही गोष्ट वेळेत बसतच नाही.

आणि ज्या खडकावर पाल दिसली तो खडक पालीच्या प्रजातीपेक्षा खूप जुना आहे. आधी लाव्हा, मग झीज होऊन कडे आणि कपारी झाल्या, मग तिथे राहणारे आले. माहुलीच्या कड्यात जे आडवे थर दिसतात ना, ते एकेका लाव्हाच्या प्रवाहाचे आहेत, दोन प्रवाहांच्या मध्ये जी मऊ पट्टी असते ती लवकर झिजते आणि तिथेच ओळीने कपारी होतात.

कळव्याचा_भटक्या
वा, हे फार भारी आहे, लॉडाकिया मी स्वतः मसुरीला बघितलाय बहुतेक, तेव्हा वाटलं आपलाच सरडा थंडीने काळा पडलाय. मग आपले सरडे म्हणजे ड्रॅकोनिनी भारतात आले कधी? आणि पाल कुठून आली ते कोणी सांगेल का, कारण खरा इंटरेस्ट मला त्या पालीतच आहे.

खारघर_सरीसृप
सरड्यांचं आधी सांगतो. याच्यावर दोन मतं आहेत. एक म्हणजे सरड्यांचे पूर्वज भारताच्या तराफ्यावर बसून आले आणि इथून आशियात पसरले, आणि दुसरं म्हणजे ते आशियातून टक्करीच्या वेळेला किंवा थोडं आधी इथे उतरले. पहिल्या मताला एकदा मोठं बळ मिळालं होतं, 2006 मध्ये मध्य प्रदेशातल्या टिकी फॉर्मेशन नावाच्या खडकथरातून टिकीगुआनिया नावाने एका जबड्याचं वर्णन झालं, ट्रायासिक काळातला म्हणजे 20 कोटी वर्षांहून जुना सरडा म्हणून. जगभर चर्चा झाली. मग 2012 मध्ये दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तोच जबडा नीट तपासला तर तो जवळपास आत्ताच्या भारतीय सरड्यांसारखाच निघाला, म्हणजे अलीकडचं हाड जुन्या थरात मिसळलेलं. त्यामुळे तो पुरावा बाद झाला. पक्का पुरावा आहे तो सुरतजवळच्या वस्तान लिग्नाइट खाणीतला, तिथे 5 कोटी वर्षांहून जुन्या थरात अगामिड सरड्यांचे जबडे मिळाले आहेत. म्हणजे टक्कर होत होती त्या काळात हे कुळ पश्चिम भारतात होतं हे नक्की. आणि वस्तान काय लांब आहे हो, वसईवरून गाडी पकडली तर दुपारच्या आत पोचाल.

पालीचं येऊरवाले सांगतील, त्यांचा अभ्यास जास्त आहे.

येऊर_रात्रफेरी
सांगतो, पालीवर मला कितीही बोलायला आवडेल.

हेमिडॅक्टायलस हा पालींच्या सगळ्यात मोठ्या जीनसपैकी एक, पावणेदोनशेच्या वर प्रजाती. आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा किनारा, भारत, आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका, सगळीकडे. ओळख म्हणजे बोटाखाली चिकटायच्या आडव्या पट्ट्या आणि त्या मधून दोन भागात फाटलेल्या. पूर्वी असं धरायचे की भारतातल्या वेगवेगळ्या हेमिडॅक्टायलस बाहेरून वेगवेगळ्या वेळी आल्या असतील. मग 2010 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून डीएनएवरचा अभ्यास आला आणि चित्र उलटं झालं. भारतीय उपखंडातल्या बहुतेक प्रजाती मिळून एकच मोठी फांदी निघाली, आपली ठिपकेवाली मॅक्युलेटस, दक्षिणेकडची प्रशादी, पूर्व घाटातली जायगँटियस, झाडाच्या खोडावरची लेशेनॉल्टाय, सगळ्या त्याच फांदीत. आणि खरी गंमत पुढे आहे, घरातल्या दोन पाली, ती चुकचुकणारी फ्रेनॅटस आणि पिवळट मोठी फ्लॅविव्हिरिडिस, या पण याच भारतीय गटात बसल्या. म्हणजे माहुलीच्या कपारीतली आणि तुमच्या ट्यूबलाइटमागची एकमेकींच्या चुलत बहिणी आहेत.

आता फ्लॅविव्हिरिडिसचं नामकरण कुठे झालं माहितीये? 1835 साली, तांबड्या समुद्रावरच्या मसावा बंदरात मिळालेल्या नमुन्यावरून, आत्ताच्या इरिट्रियामध्ये. डीएनए म्हणतो ती इकडची, आणि पहिला नमुना तिकडचा, तर मधे काय आहे, समुद्र आणि जहाजं. आपला कल्याण आणि सोपाऱ्याचा किनारा दोन हजार वर्षांपूर्वीपासून तांबड्या समुद्राशी व्यापार करतोय, पेरिप्लस या जुन्या ग्रीक सागरी प्रवासाच्या ग्रंथात दोन्ही बंदरांची नावं आहेत. मालाच्या गाठोड्यातून, लाकडातून पाली जाणं अगदी सहज. शिवाय पालीची अंडी कडक कवचाची असतात, वाळत नाहीत, दोन-दोन करून फटीत घातलेली असतात, त्यामुळे एखादा ओंडका किंवा जहाजाची फळी समुद्र पार करेपर्यंत आतली अंडी टिकू शकतात. फ्रेनॅटस तर अशीच ऑस्ट्रेलिया, पॅसिफिकमधली बेटं आणि अमेरिकेपर्यंत पोचली आहे. खडकावर राहणारी मॅक्युलेटस मात्र सह्याद्री सोडून गेली नाही, कारण ती माणसाच्या सामानात शिरत नाही, तिला मोठी शिळा आणि खोल फट लागते. माझ्या मते नातं आणि नशीब या दोन वेगळ्या गोष्टी कशा असतात याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

वेळेचं म्हणाल तर या भारतीय फांदीचं फुलणं इओसीन आणि ऑलिगोसीन या दोन भूशास्त्रीय काळांच्या सीमेवरच्या थंडीशी जोडलं जातं, म्हणजे साधारण 3 कोटी 40 लाख वर्षांपूर्वी, जग थंड आणि कोरडं व्हायला लागलं, उघडे खडकाळ भाग वाढले. त्यातून काही खडकावर राहिल्या आणि काही जमिनीवर उतरल्या, आणि जमिनीवर उतरणं पण एकदा नाही, वेगवेगळ्या फांद्यांत परत परत झालंय. साताऱ्याच्या चाळकेवाडीची छोटी सातारेन्सिस जमिनीवरची, 2008 मध्ये नाव मिळालं, आणि त्याच वर्षी पुणे जिल्ह्यातून खडकावरची आरोनबाउराय. दोघी सह्याद्रीच्याच.

ऐरोली_मावशी
वाचते आहे सगळं, छान माहिती देताय मुलांनो. एक विचारू का, आमच्या गावाला दगडाखालच्या पालीला आणि सापसुरळीला विषारी म्हणतात, दिसली की मारतात. खरं आहे का?

येऊर_रात्रफेरी
अजिबात नाही मावशी. महाराष्ट्रात एकही पाल, सरडा किंवा सापसुरळी माणसाला विषारी नाही. ती जाड पट्ट्यापट्ट्यांची, पापण्या असलेली पाल दगडाखाली मिळते, युब्लेफॅरिस फस्कस, तिला तर फार मारतात आणि ती बिचारी हळू चालते म्हणून पळून पण जात नाही. गावी नक्की सांगा सगळ्यांना. आणि घोरपडीला तर वन्यजीव संरक्षण कायद्याने पहिल्या शेड्यूलचं संरक्षण आहे, तिला हात लावला तरी गुन्हा.

भटक्या, वर मी पालींना पापण्या नसतात म्हटलं ते गेकोनिडीसाठी, ही पापण्यावाली युब्लेफॅरिडी या वेगळ्या कुळातली आहे, म्हणजे दगडाखालच्या पालींतसुद्धा दोन कुळं झाली.

कळव्याचा_भटक्या
मग आता शेवटचा प्रश्न, ही नावं सारखी बदलतात का? मी जुन्या एका यादीत बघितलं तर मॅक्युलेटस श्रीलंकेपर्यंत दाखवलीये, आणि तुम्ही म्हणताय सह्याद्री सोडून गेली नाही.

खारघर_सरीसृप
हा प्रश्न म्हणजे सगळ्या विषयाचं मूळ. पूर्वी मोठी, दाणेदार, खडकावरची दिसली की मॅक्युलेटस असं नाव लागायचं, कारण नाव देणारे 1836 मध्ये फ्रान्समध्ये बसून बाटलीतला नमुना बघत होते. श्रीलंकेतलीला तिचीच उपप्रजाती म्हणायचे, आता ती हुनी म्हणून वेगळी आहे. कर्नाटकातल्या ग्रॅनाइटवरची 2011 मध्ये ग्रॅनिटिकोलस झाली, हम्पीच्या शिळांवरची 2018 मध्ये शिवा झाली. खडकाळ टेकडी ही पालीसाठी बेटच असते, मधली शेती आणि सपाट माती ती ओलांडत नाही, मग प्रत्येक टेकड्यांच्या रांगेत लाखो वर्षं वेगळी वाढून वेगळी प्रजाती होते. बाहेरून बघितलं तर फरक नराच्या मांडीखालच्या छिद्रांची संख्या, पाठीवरच्या दाण्यांच्या ओळी, इतकाच.

नाव बदलायचं दुसरं कारण उलट दिशेचं. नेमॅस्पिस बघा, छोट्या, दिवसा फिरणाऱ्या, डोळ्याची बाहुली गोल असलेल्या, बोटाखाली चिकटायच्या रुंद पट्ट्या नसलेल्या पाली. आपल्याकडे कोल्हापूरच्या दाजीपूरची कोल्हापुरेन्सिस 2009 मध्ये आणि कासची गिरीआय 2014 मध्ये कळली. याच वर्णनाच्या आफ्रिकेत आणि आग्नेय आशियात पण होत्या, तर तिघींना एकच जीनस देऊन टाकलं होतं. डीएनएमध्ये तिन्ही प्रदेशांतले गट एकमेकांचे जवळचे नाहीत असं निघालं आणि आफ्रिकेवाल्या आता अँसायलोडॅक्टायलस झाल्या. युरोपात पण हेच झालंय, स्पेनपासून कॉकेशसपर्यंतचे खडकावरचे लॅसर्टिड (तिकडच्या वेगळ्या कुळातले) सरडे आर्किओलॅसर्टा नावाखाली एकत्र होते, म्हणजे सवयीवरूनच गट केलेला. आज त्या नावात कॉर्सिका आणि सार्डिनियाचा एकच उरलाय, स्पेन-आल्प्सकडचे आयबेरोलॅसर्टात गेले आणि कॉकेशसवाले डॅरेव्हस्कियात. त्या डॅरेव्हस्कियात काही प्रजाती फक्त माद्यांच्या आहेत, दोन वेगळ्या प्रजातींच्या संकरातून झालेल्या, नराशिवाय अंडी घालतात. 1958 मध्ये आर्मेनियातल्या सरड्यांवरून हे कळलं तेव्हा पाठीचा कणा असलेल्या प्राण्यात असं असू शकतं हे मानायलाच लोक तयार नव्हते.

तर नाव बदललं की चिडू नका, प्रत्येक बदलामागे कोणीतरी एका टेकडीवर रात्री टॉर्च घेऊन फिरलेलं असतं.

डोंबिवली_बेसाल्ट
ग्रॅनाइट आणि बेसाल्टचा फरक इथे पण महत्त्वाचा आहे. ग्रॅनाइट कांद्यासारखा सोलतो, त्यामुळे हम्पीला गोल शिळा आणि त्यांच्यावर सुटलेले पातळ पापुद्रे, चपट्या पालीला ती जागा अगदी योग्य. आपल्या बेसाल्टमध्ये उभे तडे आणि थरांमधल्या आडव्या कपारी. घर वेगळं म्हणून राहणारी वेगळी, हे शोधायला कोणीतरी दोन्ही विषय शिकलेला माणूस हवा.

कळव्याचा_भटक्या
खूप खूप आभार सगळ्यांचे. थंडीत लोनाडच्या लेण्यांना जायचा विचार आहे, तिथे दिसली तर फोटो कसा काढू म्हणजे तुम्हाला ओळखता येईल?

येऊर_रात्रफेरी
थंडीत कमी बाहेर येतात, मार्चनंतर संध्याकाळी अंधार पडताना जा. टॉर्च थेट डोळ्यावर नको, बाजूने मारा म्हणजे पाठीचे दाणे उठून दिसतात आणि फोटो पांढरा पडत नाही. तीन अँगल घ्या, वरून पूर्ण अंग शेपटीसकट, बाजूने डोकं ज्यात बाहुली दिसेल, आणि ती काचेसारख्या गुळगुळीत दगडावर किंवा वर छताला असेल तर खालून बोटांचा झूम. बाजूला पट्टी ठेवायला जाऊ नका, पळेल, नंतर तिच्या शेजारचा एखादा छिन्नीचा खाच मोजा. पकडू नका, दगड उलटू नका, शेपूट तुटली तर साठवलेली बरीच चरबी जाते तिची. आणि फटीत दोन पांढरी गोल अंडी दिसली तर लांबूनच फोटो घ्या, बऱ्याचदा एकाच फटीत बऱ्याच माद्यांची असतात. ठिकाण इथे अगदी नेमकं लिहू नका, नुसतं भिवंडी तालुका एवढं पुरे.